माणशी पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज वर्गात माझी फजिती झाली आणि ती माझ्याच पोटच्या पोरीने केली.

सातवीला नळ-टाकीची गणितं चालू आहेत. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा नळ तीच टाकी आठ तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम चालू ठेवले तर टाकी किती वेळात भरेल? इतकी वर्षं झाली, मी हे गणित फळ्यावर लिहिते आहे. आज लिहून वळते तोच ठकूचा हात वर. "बाई, पण दुसरा नळ बंद का करत नाहीत?" शाळेत ती मला बाई म्हणते, घरी आई. हा आमचा करार आहे आणि ती तो माझ्यापेक्षा नीट पाळते. वर्ग खो खो हसला. "गणितात असं विचारायचं नसतं," असं म्हणून मी मोकळी झाले आणि उत्तर काढून दिलं, चोवीस तास.

पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. खरंच की! कोण हा शहाणा, जो एकीकडून भरतो आणि दुसरीकडून सोडून देतो? आणि मी त्याचा हिशोब करत बसले, त्याला एकदाही हटकलं नाही.

मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका, उंची जेमतेम, पण आवाज फाटकापर्यंत जातो) महिन्यापूर्वी शिक्षण खात्याचं पत्रक वाचून दाखवलं होतं. प्रत्येक विषयात 'शाश्वत विकास' आणायचा. भाषेच्या बाईंनी झाडावर निबंध लिहून घेतला, चित्रकलेच्या सरांनी पोरांकडून रडणारी पृथ्वी काढून घेतली, झाले मोकळे. गणितात काय आणायचं? पाच झाडं अधिक सात झाडं? मी ते पत्रक कपाटात टाकलं होतं. उद्या काढून बघते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं! जिन्याखाली तीन मीटर आहेत.

आमच्या शाळेचा एकेक मजला वेगवेगळ्या वर्षी बांधलेला, त्यामुळे प्रत्येकाची पाण्याची लाइन वेगळी आणि मीटरही वेगळा. हे मला विज्ञानाच्या सरांनी दाखवलं. मुलं त्यांना 'प्रयोग सर' म्हणतात, कारण त्यांचा एकही प्रयोग पहिल्या फटक्यात होत नाही आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नाही. दोघांनी गुडघ्यावर बसून जळमटं काढली. तळमजल्यावर लहानगे, मधल्या मजल्यावर सहावी-सातवी म्हणजे आम्ही, वर आठवी-नववी. प्यायचे नळ, हात धुवायचे नळ, संडास-मुताऱ्या, सगळं त्या त्या मजल्याच्या मीटरमधून जातं.

म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ आकडा घ्यायचा, वजाबाकी करायची, मुलांच्या संख्येने भागायचं. माणशी पाणी! सरासरी, टक्केवारी, आलेख, सगळा अभ्यासक्रम या तीन डब्यांत बसलाय. मला इतका आनंद झाला की कपड्याला लागलेली धूळ घेऊन तशीच वर्गात गेले.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज संडासांच्या टाक्यांत शाई टाकली. प्रयोग सरांची युक्ती. टाकीत निळी शाई टाकून थोडा वेळ थांबायचं, कुणी वापरायचं नाही. खाली भांड्यात निळं उतरलं तर टाकी गळते. मुलं नाक दाबून ओळीने बघायला उभी. तिसऱ्या संडासात निळं उतरलं तेव्हा जो काय जल्लोष झाला! वर्गातला वकील (प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून हे नाव) ओरडला, "बाई, चोर सापडला!" सरांचा प्रयोग पहिल्या फटक्यात जमला म्हणून ते स्वतःच गोंधळून गेले.

नळदुरुस्तीवाल्याला बोलावलंय. माझ्या वर्गात मागच्या बाकावरची पोरं आज भागाकार करायला एकमेकांशी भांडली. भागाकार करायला!

आणखी एक ठरवलं. आठवड्यात ज्या मजल्याचं माणशी पाणी सर्वांत कमी, त्या मजल्यावर निळा झेंडा लागणार. कल्पना माझी. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं कुठे लपला होतात?"

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गळती थांबली, आमचा आकडा धाडकन उतरला, तरी झेंडा वरच्या मजल्याने नेला. वर्ग रुसून बसला. मी म्हटलं, "गणिताच्या बाईंचा वर्ग आणि दुसरा नंबर? लोक काय म्हणतील मला?" गमतीत म्हटलं. हसले नाहीत पण.

जेवताना ठकूने बाबांकडे तक्रार केली. नवरा बस चालवतो, लांब पल्ल्याची. म्हणाला, "एवढंच ना? आम्हाला विचार. लांबच्या फेरीला ड्रायव्हर पाणीच पीत नाही. प्यायलं की उतरावं लागतं, उतरलं की पाशिंजर बोंबलतात."

ठकू म्हणाली, "मग तहान नाही लागत?"

"लागते की. गुळणी करायची, थुंकायचं. तोंड ओलं झालं की पोट फसतं. आणि पाय आवळून बसायचं!" त्याने खुर्चीवर तसं बसून दाखवलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

सासूबाई तेवढ्या नाही हसल्या. "पोरीला भलतंसलतं शिकवू नकोस," म्हणाल्या. त्यांना कुठलाच विनोद कळत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आकडा पडतोच आहे. गंमत म्हणजे आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. नळ घट्ट, टाक्या कोरड्या बाहेरून, पाइप ठणठणीत. मग पाणी वाचतंय कुठून? मला असं काही अडलं की जेवण जात नाही.

मीटरच अडकला असेल, अशी प्रयोग सरांना शंका. मापाची बादली आणून नळाखाली लावली, बादली भरली, मीटर पाहिला. अगदी बरोबर. मुलांनी मग त्याच बादलीने संडासाची टाकीही मापून घेतली. आमचा वकील म्हणाला, "बाई, मीटरवर संशय घेण्याआधी पुरावा हवा होता." त्याला म्हटलं, बस खाली.

तळमजल्याचा आकडा मात्र वाढतोय. लहान मुलं पाण्यात खेळत असणार. तिथल्या बाईंना मी मधल्या सुट्टीत चार शब्द सुनावले. त्या म्हणाल्या, "माझी मुलं तेवढीच, तशीच." मी म्हटलं, आकडा खोटं बोलत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

झेंडा आमचा! वकिलाने तो लावला आणि सहावीच्या पोरांनी इतका आरडाओरडा केला की मोठ्या बाई जिना चढून आल्या.

आणि मला त्याहून मोठा आनंद कशाचा झाला ते इथेच लिहिते, कारण दुसरीकडे बोलता येत नाही. ठकू 'बाईंची मुलगी' म्हणून वर्गात नेहमी एकटी असते. ती आली की पोरी गप्प होतात, न जाणो घरी जाऊन सांगेल. डबासुद्धा ती खिडकीशी एकटी खाते, मी रोज बघते आणि न बघितल्यासारखं करते. या आठवड्यात तिच्याभोवती घोळका! मधल्या सुट्टीत दहा-बारा जणींना ती काहीतरी समजावून सांगत होती, मग सगळ्या नळाशी गेल्या, गुळण्या केल्या, खिदळत परत आल्या. मला बघून गप्प झाल्या, पण आज ठकूही त्यांच्यातलीच होऊन गप्प झाली. मला भरून आलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंचं नवीन टुमणं. "तुझी लेक शाळेतून आली की बूट न काढता बाथरूमकडे पळते आणि बाहेर आली की तांब्या तोंडाला लावते. उभ्या उभ्या रिकामा करते. शाळेत पाणी नसतं का?" म्हटलं, "सासूबाई, शाळेत पाण्याचं काय चाललंय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. वाढीचं वय आहे." त्यावर, "तिची बाटली भरलेली परत येते." येईना का! शाळेच्या नळाचं पीत असेल.

त्या बसून बारीकसारीक बघत राहतात आणि मग आपल्याला कामाला लावतात. आज आलेखाचे कागद चिकटवायचे होते, ते राहिलेच.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज बातमीच तशी आहे.

खात्याच्या पाठ्यपुस्तक समितीच्या कानावर आमचा प्रयोग गेला. सहा मार्चला, शुक्रवारी, तिघं जण येणार. मी सातवीला आदर्श पाठ घ्यायचा. आवडला तर नव्या गणिताच्या पुस्तकात हा धडा जाईल. सगळ्या शाळांत! आयुष्यभर दुसऱ्याच्या टाक्या भरल्या आणि रिकाम्या केल्या, आता पोरं माझा मीटर वाचतील. नवरा म्हणाला, "पुस्तकात तुझा फोटो असेल का? की नुसता नळाचा?" मेला कधी सरळ बोलेल तर शपथ.

साफसफाईच्या मावशींनीही आज कौतुक केलं. म्हणाल्या, "तुमच्या मजल्याचं काम हलकं झालं हो बाई. कोरडंच असतं सगळं."

एकच खटकतंय. मधल्या सुट्टीनंतर वर्ग मरगळतो. डोकी बाकावर. तीन जणींना डोकेदुखी. ठकूने आज साधी वजाबाकी चुकवली, हातच्याची. ऊन वाढलंय, पंखाही धड फिरत नाही. आठवणीने सांगायला हवं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा झेंडा. आता आम्ही वरच्या मजल्याच्या निम्म्या आकड्यावर आहोत.

प्रयोग सर कागद घेऊन आले. "हे होत नाही हो," म्हणाले. "इतक्या पाण्यात एवढी मुलं दिवस काढूच शकत नाहीत. काहीतरी गळतंय."

"गळतंय तर आकडा वाढेल, सर. उतरेल कसा?"

त्यांनी डोकं खाजवलं. "तेही खरंच. पण कुठेतरी गळतंय."

मनातल्या मनात मी त्यांना दोन शिव्या दिल्या. समिती माझ्याकडे येतेय, त्यांच्याकडे नाही, म्हणूनच यांना शंका सुचतेय, असं वाटलं. मग लाज वाटली, कारण सर मत्सर करणाऱ्यांतले नाहीत. बसून पुन्हा सगळं तपासलं. मीटर नाही, गळती नाही, गैरहजेरी नाही. शेवटी एकच उरतं, शिस्त. मुलांना मनापासून पटलं की मुलं काय करू शकतात! हे वाक्य पाठाच्या शेवटी घेईन.

१ मार्च, रविवार

ठकूला ताप. ओटीपोट दुखतंय म्हणते. बाथरूममध्ये गेली आणि आतून रडू लागली, आग होते म्हणाली. सासूबाई शेक देत बसल्यात. नवरा फेरीवर. उद्या पहिल्यांदा डॉक्टर. पाठाची तयारी अर्धी पडली आहे आणि त्याचं मला या क्षणी काही वाटत नाही.

२ मार्च, सोमवार

लिहू की नको असं झालंय. लिहितेच.

डॉक्टरीण बाईंनी तपासलं, लघवी तपासायला दिली. संसर्ग आहे, ताप त्याचाच. मग ठकूला विचारलं, "शाळेत पाणी किती पितेस?"

ठकूने माझ्याकडे बघितलं.

"आईकडे नको, माझ्याकडे बघ. शाळेत लघवीला किती वेळा जातेस?"

"जात नाही."

"का गं? घाण असतं?"

"नाही, स्वच्छ असतं. आता कुणी जातच नाही."

डॉक्टरीण बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "कुठली शाळा ही?"

मी पर्स उघडली, बंद केली. ठकूच म्हणाली, "आईची."

घरी आल्यावर हळूहळू सगळं सांगितलं. पाणी प्यायचं नाही, गुळणी करून थुंकायचं. बाटली आणायची, पण उघडायची नाही, कारण प्यायलं की जावं लागतं आणि गेलं की टाकी सोडावी लागते. तास चालू असताना पाय आवळून बसायचं. बाबांचं सगळं तिने शिकवलं, आधी मैत्रिणींना, मग मुलांना, मग सहावीला. "ज्यांना अगदीच होत नाही ते तळमजल्यावर जाऊन येतात. ते चालतं. ते लहान मुलांच्या आकड्यात जातं."

आणि मी त्या लहान मुलांच्या बाईंना सुनावलं होतं! आकडा खोटं बोलत नाही म्हणे!

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच. आजारी पोरीवर.

"तू खूश होतीस," ठकू म्हणाली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलायला हवं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, एवढं तरी. पण त्यांनी तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. मीही सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. मला तिथेच रडू आलं.

३ मार्च, मंगळवार

ठकू घरी. वर्गात गेले, दार लावून घेतलं, खडू खाली ठेवला. म्हटलं, "मी रागावणार नाही. शाळेत पाणी कोण कोण पीत नाही?"

आधी कुणीच नाही. मग मागून एक हात. मग दोन. मग बघता बघता, काय सांगू, मला मोजवेना. वकिलाचाही हात वर होता. म्हणाला, "बाई, पण आपण नियम मोडलेला नाही. कमी वापरायचं, एवढंच तुम्ही म्हणाला होतात."

बरोबर आहे त्याचं. एवढंच म्हणाले होते.

मी सांगितलं, आजपासून भरपूर प्यायचं, हवं तेव्हा जायचं, न विचारता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मधल्या सुट्टीत मी नळाशी जाऊन उभी राहिले. चार जण आले, माझ्याकडे बघत दोन घोट घेतले आणि गेले. "समिती येऊन जाऊ दे बाई, मग पिऊ," असं एक मुलगी मला समजावून सांगत होती! मला! संध्याकाळचा आकडा कालच्यासारखाच. पोरांचं काय चुकलं? तीन आठवडे मी झेंडा दाखवला आणि आज एकदा तोंडाने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

४ मार्च, बुधवार

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ठकूची चौकशी केली, मनापासून केली, तेवढं लिहायला हवं. मग म्हणाल्या, "हे बघा, परवा पाहुणे येताहेत. आता नाही म्हणता येणार नाही. शाईचा प्रयोग खरा, गळती खरी, पहिल्या आठवड्याची घट खरी. तेवढंच दाखवा. पुढचं आपण आपल्यात निस्तरू."

"आणि आलेखाची पुढची उतरण?"

"त्यांनी विचारलं तरच."

वाईट बोलल्या नाहीत त्या. खरं सांगायचं तर बाहेर पडताना मला हायसं वाटलं. जिना उतरेपर्यंत वाटत होतं. पहिल्या आठवड्यावरही धडा होईलच की, असं मनाशी म्हणाले. आणि मग दिसलं, की हा धडा पुस्तकात गेला तर सोबत झेंडाही जाईल, आणि कुठे कुठे कुणाकुणाच्या मुली पाय आवळून बसतील.

संध्याकाळी नवरा फेरीवरून आला. ठकूने त्यालाही सांगितलं. तो तिच्या पायाशी जाऊन बसला. "अगं, मी थट्टा करत होतो," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "खरं म्हणजे थट्टा नव्हती. आम्ही करतो तसं. मुतखड्याने दोघं घरी बसलेत आमच्यातले."

५ मार्च, गुरुवार

ठकूचा ताप उतरला. उद्या शाळेत येणारच म्हणते. औषध चालू आहे, डॉक्टरीण बाई हो म्हणाल्या.

मी म्हटलं, "मी उद्या खरं काय ते सांगायच्या विचारात आहे."

ती ताडकन उठून बसली. "नको ना आई! तू सांगितलंस की सगळ्यांना वाटणार मी घरी येऊन फुटले. झेंडा माझ्यामुळे गेला म्हणतील. आत्ता कुठे मला डब्याला बोलावतात गं." आणि मग इतकी रडली की मला तापाचीच भीती वाटली.

काय बोलणार? गप्प बसले तर तिच्या मैत्रिणी राहतात आणि त्यांच्याच पोटात दुखतं. बोलले तर पोर पुन्हा खिडकीशी एकटी. दिवसभर हीच वजाबाकी करतेय, दोन्हीकडून तोटाच उरतो. "तुझं नाव घेणार नाही," एवढं वचन दिलं. बाकी काहीच ठरलेलं नाही. पाठाचा कागद कोरा आहे.

६ मार्च, शुक्रवार

घरी येऊन चहासुद्धा न घेता लिहायला बसले आहे.

तिघं आले. दोन सर आणि एक मॅडम. मॅडमच मुख्य. ओठ मिटलेले, मांडीवर फाइल, हसायचं नाही असं ठरवून आलेल्या. मागच्या बाकांवर बसल्या, शेजारी मोठ्या बाई. ठकू तिसऱ्या बाकावर, डोळे वहीत.

शाई, गळती, सरासरी, सगळं छान झालं. आलेख लावला. मॅडमनी पूर्ण आलेख नीट बघितला आणि मुलांना विचारलं, "एवढं खाली कसं आणलंत?"

वकील उठला. "गळती थांबवून, नळ घट्ट बंद करून, मॅडम." मोठ्या बाईंनी उत्तर पाठ करून घेतलं होतं वाटतं. मॅडमनी टिपून घेतलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता आवरा.

मला काय झालं माहीत नाही. म्हटलं, "एक गणित राहिलंय. एका मुलाला शाळेच्या वेळात पाणी लागतं किती? सांगा, मी मांडते."

मुलांनी सांगायला सुरुवात केली, त्यांना गणित म्हटलं की राहवत नाही आता. प्यायला इतकं. हात धुवायला इतकं. टाकी एकदा सोडली की इतकं, ते तर त्यांनीच बादलीने मापलेलं. बेरीज फळ्यावर आली. वकिलाने आलेखाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "बाई, हे तर आपल्या आकड्याच्या दुप्पट झालं."

"झालं खरं. मग बाकीचं पाणी कुठे गेलं?"

मोठ्या बाई खोकल्या. मॅडमची लेखणी थांबली. मी ठकूकडे सोडून सगळीकडे बघत होते.

मग म्हटलं, "ज्यांना तहान लागलीय त्यांनी आत्ता उठायचं. ज्यांना जायचंय त्यांनीही. मला विचारायचं नाही. आकडा किती का होईना."

एकही हललं नाही. पाहुण्यांसमोर, आदर्श पाठात, कोण उठणार? मला वाटलं हेही चुकलं, हात दाखवून अवलक्षण.

आणि ठकू उठली. लाल झाली होती कानापर्यंत. "मला जायचंय, बाई," म्हणाली, मोठ्याने. "आणि मला रोज जायचं असतं. मीच सगळ्यांना जाऊ नका म्हणून शिकवलं होतं. ते चुकलं. मी आजारी पडले." आणि बाकातून बाहेर पडून दाराकडे चालू लागली.

मी नाव घेणार नाही म्हणून वचन दिलं होतं. तिने स्वतःच घेतलं.

ती दारापर्यंत पोचायच्या आत तिच्या शेजारची उठली. मग तिच्या मागची. मग बाकं करकरली आणि सगळा वर्गच उठला, वकीलसुद्धा. एका मुलीने जाता जाता ठकूचा हात धरला, ते मी बघितलं. वर्ग रिकामा. तीन पाहुणे, मोठ्या बाई, मी आणि तो सुंदर आलेख.

एक सर म्हणाले, "हा पाठाचाच भाग आहे का?"

म्हटलं, "नाही, सर. आकडा उतरला तो मुलं तहानलेली राहिली म्हणून. झेंडा मी लावला, मुलांचं काही चुकलं नाही. धडा घ्यायचा असला तर माणसाला किती लागतं तिथून सुरू करा. नाहीतर घेऊच नका." मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी फाइल बंद केली. उठल्या, सरळ माझ्यापर्यंत आल्या. मला वाटलं, आता ऐकवतात. त्या माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "कुठे आहे हो तुमच्याकडे? पहाटेची निघालेय. शाळा तपासायच्या असल्या की मी दिवसभर पाणीच पीत नाही. कुठे विचारणार, म्हणून."

मी त्यांना घेऊन गेले. मुलींची रांग कठड्यापर्यंत आली होती, कलकल चाललेली. मॅडमना बघून सगळ्या एकदम चूप झाल्या आणि भिंतीला टेकल्या, त्यांना वाट करून द्यायला.

"नको, मी रांगेत थांबते," मॅडम म्हणाल्या आणि शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

ठकूचा नंबर आला होता. तिने दाराला हात लावला, मागे वळून मॅडमकडे एकदा नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला खूप जोराची लागलीय का?"

"हो गं," मॅडम म्हणाल्या.

"मग या की पुढे," ठकू म्हणाली आणि दार धरून उभी राहिली.